लॅनवरचे (ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कवरचे) लोक आपापले आयपी पत्ते (मशीनचे नेटवर्कवरचे क्रमांक) बदलतात. कायमचा बंदोबस्त कसा करावा?

तारजोडणी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एका मध्यम आकाराच्या ऑफिसचं नेटवर्क मी एकटा सांभाळतो. साधारण ७० संगणक, त्यांत दहाएक लॅपटॉप, चार प्रिंटर, एक हजेरीचं यंत्र, एक फाइल सर्व्हर. सगळं एकाच नेटवर्कमध्ये, १९२.१६८.१ च्या मालिकेत. माझ्या आधीच्या माणसाने प्रत्येक मशीनवर बसून पत्ते हाताने टाकलेत आणि फायरवॉलचे नियमही त्या पत्त्यांवरच बेतलेत. १० ते २० या पत्त्यांना सगळं खुलं, बाकीच्यांना मोजक्या साइट आणि कमी स्पीड.

हे लोकांना कळलं. कुणीतरी शेवटचा आकडा बदलून पाहिला, नेट पळायला लागलं, आणि महिन्याभरात युक्ती मजलाभर पसरली. रोज एक-दोन ठिकाणी आयपी क्लॅशची (एकच पत्ता दोन मशीनवर असल्याची) खिडकी यायची, मी जाऊन पत्ता पुन्हा नीट करून यायचो.

आज मात्र हद्द झाली. शनिवारी फाइल सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद होता. फायरवॉलमध्ये त्याचा पत्ता पूर्ण खुला. कुणीतरी तो स्वतःच्या मशीनला लावला आणि मशीन चालू ठेवूनच निघून गेलं. आज सकाळी सर्व्हर सुरू केला, तर त्याने स्वतःचा पत्ता सोडून १६९.२५४ ने सुरू होणारा भलताच पत्ता घेतला. पावणेदोन तास सगळं काम बंद. मी केबल बदलली, कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. पत्ता दुसऱ्याच मशीनकडे आहे हे फार उशिरा सुचलं.

कुणाला शिक्षा व्हावी अशी इच्छा नाही, पण हे पुन्हा व्हायला नको. अडचण अशी की निम्म्या लोकांना ॲडमिन अधिकार दिलेले आहेत, कारण हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नाही. तीन स्विच (मशीनच्या केबल जिथे एकत्र येतात ते डबे) आहेत, मॅनेज करता येणारे, पण त्यांत आजवर कुणी लॉगिनसुद्धा केलेलं नाही. राउटर मायक्रोटिक कंपनीचा. सुरुवात कुठून करू?

जुना_खांब | सोमवार, रात्री १०:१५

सर्व्हरने पत्ता का सोडला ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी केबल बदलत बसावं लागणार नाही. पत्ता वापरायला घेण्याआधी मशीन नेटवर्कवर विचारते, 'हा कुणाकडे आहे का?' उत्तर आलं तर नव्याने आलेल्याने माघार घ्यायची, अशी रीत आहे. २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ती नीट लिहिलेली आहे आणि विंडोज तशीच वागते. म्हणजे आधी बसला त्याची जागा. तुमचा सर्व्हर खरा मालक असूनही उशिरा आला, म्हणून उभा राहिला.

सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमध्ये आजच्या सकाळची ४१९९ क्रमांकाची नोंद शोधा. ज्याच्याशी टक्कर झाली त्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) तिथे सापडेल. तो स्विचच्या मॅक टेबलमध्ये शोधला की कोणत्या पोर्टवर (केबलच्या खाचेवर) आहे ते कळतं, आणि तिथून पॅच पॅनलवरून (भिंतीतल्या केबल जिथे येतात त्या फळीवरून) थेट टेबल सापडतं. पाच मिनिटांचं काम आहे.

आता बंदोबस्त. पहिलं पाऊल म्हणजे ॲडमिन अधिकार काढा. विंडोजमध्ये साध्या वापरकर्त्याला आयपी बदलताच येत नाही. त्याचबरोबर 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' हा गट उघडून बघा. त्यात कुणाचं नाव असेल तर ॲडमिन नसतानाही त्याला पत्ता बदलता येतो, आणि हा गट तपासायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर त्याला खरोखर ॲडमिन क्वचितच लागतो. ते स्वतःच्या फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याच्या) एखाद्या किल्लीत लिहू पाहतं आणि साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नसते. सॉफ्टवेअर कुठे काय लिहू पाहतं ते दाखवणारा 'प्रोसेस मॉनिटर' चालवा, सॉफ्टवेअर उघडा, 'ॲक्सेस डिनाइड' कुठे येतंय ते पाहा आणि नेमकी तेवढ्याच जागेची परवानगी द्या. अशी तीन सॉफ्टवेअरं मी मार्गी लावली आहेत. प्रत्येकाला अर्धा दिवस गेला, पण तो सत्कारणी लागला.

निळी_केबल | मंगळवार, सकाळी ८:०५

ग्रुप पॉलिसीतून (विंडोजमधल्या सगळ्यांना एकदम नियम लावायच्या सोयीतून) नेटवर्क कनेक्शनची प्रॉपर्टीच बंद करता येते की. युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, नेटवर्क कनेक्शन्स. तिथे लॅन कनेक्शनच्या प्रॉपर्टीला मनाई करायची सेटिंग आहे. आमच्याकडे तीच लावली आहे.

जुना_खांब | मंगळवार, सकाळी ८:३०

निळी_केबल, ती सेटिंग ॲडमिन असलेल्यांना आपोआप लागू होत नाही. त्याच यादीत विंडोज २००० च्या काळातली नेटवर्क सेटिंग ॲडमिनांनाही लागू करणारी वेगळी नोंद आहे, ती चालू करावी लागते. एवढं करूनही बंद होते ती फक्त खिडकी. ॲडमिन अधिकार असलेला माणूस कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटएसएच' या कमांडने एका ओळीत पत्ता बदलतो. दारापुढे पडदा टाकला म्हणून कुलूप लागत नाही.

तारजोडणी | मंगळवार, दुपारी १:२०

काका, लॉग सापडला, मशीनही सापडलं. मनापासून आभार. अधिकार काढायला आजपासूनच सुरुवात करतो.

पण दोन शंका आहेत. काही लॅपटॉप लोकांचे स्वतःचे आहेत, त्यांच्यावर माझा ताबा नाही. आणि एकजण पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो हे मी स्वतः पाहिलंय. तिथे विंडोजचे अधिकार काय कामाचे?

सातवा_थर | मंगळवार, रात्री ११:१०

तुम्ही नेमक्या जागी पोचलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेन ड्राइव्हचा रस्ता बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला) पासवर्ड लावून आणि बूटचा क्रम पक्का करून ऑफिसच्या मशीनपुरता अडवता येईल. सिक्युअर बूटवर (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या सोयीवर) मात्र विसंबू नका. उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रती सही केलेल्या असतात, त्या सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. आणि लोकांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तर यातलं काहीच चालणार नाही. मशीन ज्याच्या हातात आहे, मशीनवरचा पत्ताही त्याच्याच हातात. तिथे शेवटपर्यंत जिंकता येत नाही. आपल्या हातात आहे तो केबलचा दुसरा टोक, म्हणजे स्विचचा पोर्ट. कुलूप तिथे लावायचं.

मुळात ही फसवणूक चालते कशी? कोणता आयपी कोणत्या मॅकवर आहे हे लॅनवर एआरपी या प्रोटोकॉलने ठरतं. तो १९८२ चा, आरएफसी ८२६. त्यात पुरावा नावाची गोष्टच नाही. 'हा पत्ता माझा' असं कुणीही म्हणावं आणि बाकीच्यांनी ते लिहून घ्यावं. ज्या काळात नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र ओळखीचं असे, त्या काळात ते पुरेसं होतं. आता तो पुरावा स्विचने मागायचा. त्यासाठी तीन गोष्टी आहेत, एकीवर दुसरी उभी राहणाऱ्या.

पायाला डीएचसीपी स्नूपिंग. डीएचसीपी म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटणारी व्यवस्था. हाताने टाकलेले पत्ते बंद करून सगळ्यांना डीएचसीपीवर आणायचं. स्विच मधून जाणाऱ्या डीएचसीपीच्या देवघेवीवर कान ठेवतो आणि एक तक्ता बनवतो: हा मॅक, हा आयपी, हा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), हा पोर्ट, लीज (पत्ता वापरायची मुदत) इतका वेळ. डीएचसीपी सर्व्हर ज्या बाजूला आहे तो पोर्ट 'ट्रस्टेड' करायचा, बाकी सगळे 'अनट्रस्टेड'. याचा आणखी एक फायदा आहे. कुणी टेबलाखाली छोटा राउटर जोडला आणि तो आपले पत्ते वाटू लागला, तर त्याची उत्तरं स्विचवरच अडतात.

त्यावर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन. अनट्रस्टेड पोर्टवरून 'हा पत्ता माझा' असा एआरपी आला की स्विच तो तक्त्याशी ताडतो. जुळला नाही तर पुढे जाऊच देत नाही. शनिवारी हे चालू असतं, तर सर्व्हरच्या पत्त्यावर त्या मशीनने केलेला दावा त्याच्या स्वतःच्या पोर्टच्या पलीकडे पोचला नसता आणि सोमवारी सर्व्हर शांतपणे सुरू झाला असता.

तिसरं, आयपी सोर्स गार्ड. हे फक्त एआरपी नाही, त्या पोर्टवरून येणाऱ्या प्रत्येक आयपी पॅकेटचा उगमाचा पत्ता तपासतं. तक्त्यात पोर्ट १२ वर ४५ नंबर लिहिलेला असेल तर तिथून फक्त ४५ चंच पॅकेट आत येईल. वापरकर्त्याने हवा तो आकडा टाकावा, त्याचं नेट बंद पडेल आणि दुसऱ्या कुणाला त्याची झळही लागणार नाही. पुन्हा 'ऑटोमॅटिक' केलं की सुरू. आठवड्याभरात लोक आपणहून थांबतात.

तुमच्या स्विचमध्ये हे तिन्ही आहेत का ते आधी बघा. सिस्कोत ही नावं अशीच आहेत. इतर कंपन्यांकडे कधी आयपी-मॅक-पोर्ट बाइंडिंग म्हणतात, काम तेच.

नवी_रोजनिशी | बुधवार, सकाळी ९:५०

फार समजावून लिहिलंत, दादा. पण ज्यांच्याकडे साधे, मॅनेज न करता येणारे स्विच आहेत त्यांनी काय करायचं? माझ्याकडे मायक्रोटिक आहे आणि खाली सगळे साधे डबे.

सातवा_थर | बुधवार, दुपारी २:००

मायक्रोटिकवर एक सोपा उपाय आहे. डीएचसीपी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'ॲड एआरपी फॉर लीजेस' चालू करा आणि लॅनच्या इंटरफेसवर एआरपी 'रिप्लाय-ओन्ली' करा. मग राउटर स्वतः एआरपी शिकणं थांबवतो. त्याने ज्यांना लीज दिली तेवढेच त्याला दिसतात. हाताने पत्ता टाकणाऱ्याला राउटर उत्तरच पाठवू शकत नाही, त्यामुळे त्याला इंटरनेट मिळत नाही. ज्या प्रिंटरला किंवा सर्व्हरला पत्ता हातानेच द्यायचा आहे त्याची एआरपी नोंद मात्र तुम्हाला स्वतः घालावी लागेल, नाहीतर तेही राउटरला दिसेनासे होतील. पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये यासारखंच 'स्टॅटिक एआरपी' आहे.

मर्यादा ध्यानात घ्या. हे सगळं राउटरच्या दारात होतं. एकाच स्विचवरची दोन मशीन आपसात बोलतात तेव्हा राउटर मध्ये नसतोच. तारजोडणींच्या सर्व्हरचं जे झालं ते याने टळलं नसतं.

पोर्ट_चोवीस | बुधवार, संध्याकाळी ६:३५

दादा, एक राहिलं. जो आयपी बदलतो तो उद्या मॅकही बदलेल. मॅक बदलणं काही अवघड नाही. दुसऱ्याचा मॅक आणि आयपी दोन्ही घेतले तर?

सातवा_थर | बुधवार, रात्री १०:५०

रास्त प्रश्न. मायक्रोटिकचा वरचा उपाय तिथे फसतो. स्विचवर मात्र तक्त्यात पोर्टही लिहिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याचे दोन्ही पत्ते घेऊनही पोर्ट चुकीचाच राहतो. जोडीला पोर्ट सिक्युरिटी लावा: एका पोर्टवर एकच मॅक, आणि 'स्टिकी' केलं की पहिल्यांदा दिसलेला मॅक कायम लक्षात ठेवला जातो. नियम मोडला तर काय व्हावं यात 'शटडाउन'ऐवजी 'रिस्ट्रिक्ट' निवडा असं मी आवर्जून सांगेन. शटडाउनमध्ये पोर्टच बंद पडतो, मग प्रत्येक वेळी कुणीतरी तो सुरू करायला धावायचं. रिस्ट्रिक्टमध्ये नको असलेलं तेवढंच गळतं आणि लॉगमध्ये नोंद राहते.

त्याच्याही वर ८०२.१एक्स आहे. माणसाने किंवा मशीनने रेडियस सर्व्हरला (ओळख तपासणाऱ्या सर्व्हरला) ओळख पटवल्याशिवाय पोर्ट उघडतच नाही. पण ८०२.१एक्स आत कोण आलं ते तपासतो, आत आल्यावर त्याने कोणता आयपी लावला ते तपासत नाही. म्हणून सोर्स गार्डची गरज राहतेच. ८०२.१एक्स आणला म्हणून बाकीचं काढून टाकणारे मी पाहिलेत, आणि तीच जुनी तक्रार महिन्याभरात परत आलेलीही पाहिली आहे.

मोबाइल असतील तर अजून एक: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनवलेला मॅक दाखवतात. मॅकवर रिझर्व्हेशन (ठरावीक मॅकला ठरावीक पत्ता) ठेवलं असेल तर ते गळून पडतं. असा मॅक ओळखायची खूण सोपी आहे, त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. त्यामागे लबाडी नसते, गोपनीयतेसाठी फोन स्वतःच ते करतो.

मंद_दिवा | गुरुवार, सकाळी ७:४५

मी नेटवर्कवाली नाही. धागा वाचतेय ती दुसऱ्या बाजूची म्हणून. पूर्वीच्या एका नोकरीत मी स्वतः पत्ता बदलायचे, म्हणून बोलते.

माझं काम मोठमोठ्या फाइली ग्राहकाच्या साइटवर चढवण्याचं होतं. ती साइट माझ्या पत्त्याला बंद. तीनदा लेखी मागणी केली, उत्तर नाही. संध्याकाळी सहाची मुदत, आणि शेजारच्या टेबलावरच्या रजेवर गेलेल्या माणसाचा पत्ता मोकळा. मी तो लावला, काम केलं, परत ठेवला. पकडले गेले तेव्हा सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. ती साइट मात्र त्यानंतरही उघडली नाही.

तारजोडणी, तुमच्याकडची माणसं पत्ता का बदलतात हे एकदा त्यांनाच विचारा. काहीजण सिनेमा बघत असतील, मान्य. पण काहींचं काम अडत असेल.

जुना_खांब | गुरुवार, सकाळी ९:१५

मंद_दिवा ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इतके दिवस आम्ही कुलपावरच बोलत बसलो.

तारजोडणी, खरा घोळ फायरवॉलच्या त्या नियमात आहे. १० ते २० ला सगळं खुलं, म्हणजे हक्क माणसाला न देता आकड्याला दिलाय. आकडा टाइप करता येतो, म्हणून हक्कही टाइप करता येतो. नियम वापरकर्त्याच्या लॉगिनवर आणा. डोमेन (सगळ्या मशीनसाठी एकत्र सांभाळलेलं लॉगिन) असेल तर बऱ्याच फायरवॉल डोमेनचं लॉगिन ओळखतात. नसेल तर कॅप्टिव्ह पोर्टल लावा, नाव-पासवर्ड टाकल्यावर ज्याचा त्याचा गट लागू होईल. त्यानंतर पत्ता बदलून कुणाला काही मिळणारच नाही. स्विचवरचा बंदोबस्त तरीही करा; सर्व्हरचा पत्ता कुणी चुकूनही घेऊ शकतो.

पोर्ट_चोवीस | गुरुवार, दुपारी १२:१०

स्विचवर हात घालण्याआधी माझा अनुभव वाचा. मी एका दुपारी स्नूपिंग आणि एआरपी इन्स्पेक्शन एकदमच चालू केलं. तक्ता रिकामा होता, कारण सगळ्यांच्या लीज आधीच्या. इन्स्पेक्शनने प्रत्येकाचा एआरपी खोटा ठरवला आणि दोन मजल्यांचं नेटवर्क एका क्षणात बंद झालं. तेव्हा आधी फक्त स्नूपिंग लावा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, सगळ्यांना एकदा मशीन बंद करून चालू करायला सांगा. तक्त्यातल्या नोंदी मोजा, मशीनच्या संख्येशी जुळल्या की मगच पुढे.

हा तक्ता स्विचच्या चालू मेमरीत असतो, वीज गेली की पुसला जातो. तो फ्लॅशवर किंवा सर्व्हरवर साठवायची सोय चालू करा. हाताने पत्ते दिलेल्या प्रिंटरच्या नोंदी स्वतः घाला. दोन स्विचना जोडणारे पोर्ट ट्रस्टेड करायला विसरू नका. सिस्कोचा स्विच डीएचसीपीच्या विनंतीत स्वतःहून ऑप्शन ८२ (विनंती कोणत्या पोर्टवरून आली त्याची माहिती) घालतो आणि काही सर्व्हर अशी विनंती टाकून देतात. स्नूपिंग लावल्यावर कुणालाच पत्ता मिळेनासा झाला तर पहिला संशय त्यावर. सिस्कोतच इन्स्पेक्शनची मर्यादा अनट्रस्टेड पोर्टवर सेकंदाला १५ एआरपी अशी मुळात ठेवलेली असते. एखाद्या पोर्टखाली छोटा स्विच लावून आठ मशीन जोडली असतील तर सकाळी सगळी एकदम सुरू होताना तो पोर्ट बंद पडू शकतो.

निळी_केबल | गुरुवार, दुपारी १:००

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर? वरचं सगळं आयपीव्ही४ चंच आहे ना?

सातवा_थर | गुरुवार, रात्री ११:३०

हो, त्याचा बंदोबस्त वेगळा. तिथे मशीन स्वतःच पत्ता बनवते आणि तात्पुरते पत्ते मधूनमधून बदलतही राहते, आणि ते नियमाला धरूनच आहे. म्हणून तिथे पत्त्यावर नियम बेतणं आणखीच व्यर्थ. निदान आरए गार्ड लावा, म्हणजे कुणाचं मशीन स्वतःला राउटर म्हणून जाहीर करू शकणार नाही.

तारजोडणी | तीन आठवड्यांनंतर, रविवार

मंडळी, उशीर झाला, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

मंद_दिवा ताईंचं ऐकून आधी विचारत फिरलो. पत्ता बदलणारे चौदा जण निघाले. नऊ जणांची अडचण कामाचीच होती. शनिवारी सर्व्हरचा पत्ता घेणारा मुलगा मला स्वतः येऊन भेटला. त्याला मोठे नकाशे उतरवून घ्यायचे असतात आणि कमी स्पीडमध्ये एकेका नकाशाला तास जायचा. तो सर्व्हरचा पत्ता आहे हे त्याला माहीतच नव्हतं. पिंग केलं, उत्तर आलं नाही, म्हणून मोकळा समजला. त्याच्या विभागाला स्पीड वाढवून दिला. फायरवॉलचे नियम आता लॉगिनवर आहेत.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरला खरंच एका फोल्डरची परवानगी हवी होती, एवढंच. सगळ्यांचे ॲडमिन अधिकार काढले. ७० मशीन डीएचसीपीवर आणायला चार संध्याकाळी लागल्या. स्नूपिंग लावल्यावर तक्त्यात अपेक्षेपेक्षा सहा नोंदी जास्त दिसल्या, सहाही एकाच पोर्टवर. माग काढत गेलो तर कपाटामागे एक जुना छोटा स्विच निघाला, कुणालाही माहीत नसलेला. त्यावरची मशीन भिंतीतल्या पॉइंटवर आणली आणि तो काढून टाकला. पाच यंत्रांच्या नोंदी हाताने घातल्या. मग एआरपी इन्स्पेक्शन एका स्विचवर, दोन दिवसांनी उरलेल्या दोन्हींवर. सोर्स गार्ड परवापासून.

काल मी स्वतः एका मशीनवर सर्व्हरचा पत्ता टाकून पाहिला. सर्व्हरला काही झालं नाही. स्विचच्या लॉगमध्ये माझा मॅक, पोर्ट आणि वेळ तेवढी नोंदली गेली.

वाय-फायचं राहिलंय. तिथे पोर्ट नसतो, मग काय?

सातवा_थर | रविवार, रात्री १०:२०

उत्तम काम केलंत. वाय-फायला कंट्रोलर (सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणारी यंत्रणा) असेल तर त्यात 'डीएचसीपी रिक्वायर्ड' अशा अर्थाची सेटिंग शोधा. डीएचसीपीने पत्ता न घेतलेल्याला ॲक्सेस पॉइंट पुढे जाऊ देत नाही. जोडीला क्लायंट आयसोलेशन (वाय-फायवरच्या मशीनना आपसात थेट बोलू न देणारी सोय) लावा आणि वाय-फाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, म्हणजे तिथून सर्व्हरचा पत्ता कुणी घेतला तरी त्याचा दावा सर्व्हरच्या व्हीलॅनपर्यंत पोचणार नाही. कंट्रोलर कोणता आहे ते लिहा, नेमकी सेटिंग सांगतो.